विलंबाच्या कारणाचा रकाना

ती घटना आठवली की आजही मी आधी तारखांचा हिशेब करतो. सत्तरचे दशक संपत आले होते. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि मी त्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

महिन्याच्या दोन तारखेला एका परिचारिकेच्या पासपोर्ट चौकशीचा कागद आला. मुलगी किन्हीराजाकडची, चोवीस वर्षांची, सरकारी दवाखान्यात नोकरीला. तिला अमेरिकेतल्या नोकरीसाठी तिकडची परीक्षा द्यायची होती. तयारीचा वर्ग मुंबईत होता आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय तिथे प्रवेश नव्हता. त्या वर्गासाठी तिने बिनपगारी रजाही मंजूर करून घेतली होती.

अशा कागदाला मला एरवी चार दिवस लागत. गावच्या पोलीस पाटलाचा जबाब, दोन शेजारी, गुन्हे नोंदवहीत नाव नसल्याची खात्री, की अहवाल रवाना. हा कागद मात्र टेबलावर पडून राहिला. ती दोनदा ठाण्यात आली, पहिल्यांदा तीन तारखेलाच.

"साहेब, माह्या कागदाचं काय झालं?"

"चौकशी सुरू आहे," मी म्हणालो. चौकशी सुरू नव्हती.

सोळा तारखेच्या टपालात निनावी अर्ज आला. सदर परिचारिकेने दवाखान्यातून पेनिसिलीनच्या चोवीस बाटल्या बाहेर विकल्या, तिला पासपोर्ट देऊ नये, असा मजकूर. अक्षर मुद्दाम वाकडे काढलेले. खरे सांगतो, तो वाचून मला बरे वाटले. उशिराला आता कारण मिळाले होते.

दवाखान्यात जाऊन मी औषधांचे साठा रजिस्टर आणि वॉर्डाची वही समोरासमोर ठेवून सहा महिन्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. एका बाटलीचाही फरक निघाला नाही. म्हणजे अर्ज खोटा होता. पण मुंबईच्या वर्गाची सुरू होण्याची तारीख त्यात बरोबर होती, तेव्हा लिहिणारे माणूस जवळचेच असणार.

अर्ज मी चार वेळा वाचला होता. पाचव्यांदा आमच्या जमादारांनी वाचला आणि ते हसू लागले.

"साहेब, हा अर्ज निनावी हाय ना? मंग याच्यावर सही कायले केली?"

तिसऱ्या ओळीत 'वीस' हा शब्द एका आडव्या रेघेने खोडून वर 'चोवीस' लिहिले होते आणि शेजारी बारीक अक्षरांत आद्याक्षरे होती. माझ्या नजरेतून ते निसटले, कारण आमच्या पंचनाम्यातही खाडाखोड तशीच करतात. रोज बघितलेली गोष्ट दिसेनाशी होते. वॉर्डाच्या वहीतही परिचारिकांना हाच नियम असतो. चुकले तर एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. हाताने सवयीप्रमाणे काम केले होते.

आद्याक्षरे किन्हीराजाच्या मुलीच्याच खोलीत राहणाऱ्या, रिसोडच्या परिचारिकेची होती. बाईमाणसाला ठाण्यात न बोलावता मी दवाखान्यातच, मोठ्या सिस्टरसमोर जबाब घेतला. अर्ज पुढे ठेवून खोडलेल्या शब्दावर बोट ठेवले.

"इतकी कशी येडी मी," रिसोडची मुलगी म्हणाली.

"काहून केलं बाई असं?" मोठ्या सिस्टरांनी विचारले.

"आमी दोघींनं तीन रविवार दोन पत्रकं घेऊन काढले, सिस्टर, एक मुंबईच्या वर्गाचं, एक पोस्टानं धडे येनाऱ्या कोर्साचं. पोस्टाचा कोर्स घ्याचा ठरलं होतं. पुस्तकाचा एक संच, दोघीत. मंग तिनं विषय मोजले. परीक्षेत पाच, पोस्टाच्या कोर्सात चारच. मानसिक आजाराचं त्याच्यात काईच नाई, अन् आपल्याकडं ते कोनी धड शिकवलंच नाई. म्हने, पोस्टाचा कोर्स कामाचा नाई, मुंबईले जाऊ."

"मंग जायचं होतं सोबत."

"दोघींले एका टायमाले रजा देता का तुमी? तिचा अर्ज पहिले आला, तिले भेटली. रोज माह्यासमोर पेटी भरून राह्यली ते. वाटलं, मी नाई तर तिनंही जाऊ नये."

मी कलमांची भाषा सुरू केली, खोटी माहिती, बदनामी वगैरे. तिने सरळ माझ्याकडे पाहिले.

"करा जी केस. पन माहा अर्ज तुमाले परवा भेटला ना? ते म्हनत होती, तिचा कागद दोन तारखेपासून तुमच्याकडं हाय. त्याले कोनाची नजर लागली होती, साहेब?"

मी जबाबाची वही मिटली. हा प्रश्न त्यात लिहिला नाही.

त्याचे उत्तर आज लिहितो. खात्याची बढतीची परीक्षा मी दोनदा दिली होती आणि दोनदा नापास झालो होतो. कशातून अभ्यास करावा हेही मी धड ठरवले नव्हते. जे मिळाले ते उसने पुस्तक वाचले. माझ्यासोबत भरती झालेले दोघे वर चढले. हा वर्ग कसा निवडला ते तिने तीन तारखेलाच मला सांगितले होते. ही पोरगी दोन पत्रके घेऊन बसते, विषय मोजते आणि आपला वर्ग शांतपणे निवडते, हे मला सहन झाले नाही. कागद हातात घेतला की तो खाली सरकवून मी दुसरी फाईल ओढायचो.

गुन्हा नोंदवू नका, असे किन्हीराजाच्या मुलीनेच सांगितले. रिसोडची मुलगी लेखी समज घेऊन सुटली. वीस तारखेला अहवाल घेऊन मी माणूस एसटीने अकोल्याला पाठवला. पासपोर्ट आला तेव्हा वर्ग सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. जागा कशीबशी राहिली होती. पण शिकवणी मानसिक आजारांपासून सुरू झाली होती आणि तो भाग संपला होता. परीक्षेत ती चार विषयांत पास झाली, पाचव्यात राहिली. तो विषय पुन्हा देऊन जायला तिला आणखी एक वर्ष लागले. हे मला मोठ्या सिस्टरांनी सांगितले, सहज बोलता बोलता.

हिशेब सोपा आहे. निनावी अर्जाने चार दिवस खाल्ले, मी दहा. माझे दहा नसते तर वर्ग सुरू होण्याच्या एक दिवस आधी पासपोर्ट तिच्या हातात असता.

नोकरीत मी पुष्कळांचा मत्सर उघडा पाडला. या प्रकरणाने शिकवले ते एवढेच, की त्याला वाकडे अक्षर काढावे लागतेच असे नाही. कागद नुसता पडू दिला तरी पुरते, आणि त्याखाली कोणाची आद्याक्षरे सापडत नाहीत.

अहवालात विलंबाच्या कारणाचा एक रकाना होता. त्यात मी लिहिले, "निनावी अर्जाची चौकशी". ते शब्द आज एका आडव्या रेघेने खोडतो, आणि शेजारी सही करतो.