यमुनाबाई आणि उजेड मोजणारी बाई

यमुनाबाईने पहिल्याच दिवशी ओळखलं, ही बाई नुसती फोटोवाली नव्हे.

फोटो काढणारे समुद्राकडे बघतात. ही गावाकडे तोंड करून उभी राहायची, वाळूवर करडा पुठ्ठा धरायची, कॅमेऱ्यातून त्याच्यावर नेम लावायची आणि कसलेसे आकडे फिरवायची. नाटे गावाच्या खालच्या वाडीत असं मोजमाप झालं की पुढे काय होतं, ते यमुनाबाईला ठाऊक होतं. तीन वर्षांमागे दोघे जण झाडं मोजायला म्हणून आले, आणि आठवड्याने तिच्या माडांत जमीन घ्यायच्या आखणीच्या लाल डोक्याच्या खुंट्या ठोकलेल्या निघाल्या. तिने त्या एकेक उपटून चुलीत घातल्या. विचारायला आलेल्या साहेबाला त्याच जाळावरचा चहा पाजला. नवरा बोटीवर खलाशी होता. तो असताना आणि गेल्यावरही घर न् माड तिनेच राखले होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती बाईसमोर जाऊन उभी राहिली. तिची नात आरोही आणि वाडीतली पोरं ओसरत्या लाटेच्या पातळ पाण्यावर फळ्या टाकून त्यांवरून घसरत होती.

"काय गो, काय मोजतेस?"

"उजेड, आजी. मी मृणाली, रत्नागिरीची."

"उजेड कोण मोजतो?"

मृणालीने दोन फोटो दाखवले. ओल्या वाळूच्या चकाकीने कॅमेरा फसला होता. पहिल्यात आरोही काळीठिक्कर. पुठ्ठ्यावरून उजेड ठरवून काढलेल्या दुसऱ्यात तिच्या भुवईवरची वाळूसुद्धा दिसत होती. यमुनाबाईचं बोट मात्र मागे दिसणाऱ्या स्वतःच्या घरावर टेकलं.

"हे कशाला घेतलंस?"

"मागे आपसूक आलं."

"पूस. समुद्राकडे तोंड करून काढ."

"आत्ता सूर्य समोर येतो, आजी. पोरं काळी पडतात."

"मग सकाळी ये. तेव्हा तो माडांमागनं येतो."

"त्यासाठी पहाटेची पहिली एसटी धरावी लागेल."

"धर."

मृणालीने खरंच धरली. पोरांच्या तोंडावर कोवळं ऊन, पाठीला निव्वळ पाणी. यमुनाबाई हाताची घडी घालून शेजारी उभी राही आणि प्रत्येक फोटो कडेपासून कडेपर्यंत तपासून मगच मान हलवी. एकात आरोही फळीसकट हवेत होती. तो तिने दोनदा मागून घेऊन बघितला.

"छापणार असशील तर छाप," ती म्हणाली. "गावाचं नाव घालायचं नाही."

महिन्याभराने फोटो एका मासिकात आला. आरोहीने खालची ओळ वाचली: 'कोकणातला एक किनारा'.

"परत वाच," यमुनाबाई म्हणाली.