मामाची आटलेली घोंगडी

काल पुतणीनं मोबाइलवर युक्रेनच्या डोंगरातलं हुत्सुल मेंढपाळांचं गाव दाखवलं. तिथले लोक लोकरीचं विणलेलं पांघरूण ओढ्याच्या धारेत धुतात, तेव्हा कुठं ते आटून दाट, उबदार होतं. "अगं, हा पराक्रम मीही केलाय!" मी टाळी वाजवून म्हणालो.

औंढ्याच्या डोंगराखाली मामाचा माग होता. नजर अधू झाली होती, तरी त्यानं माझ्या लग्नासाठी घोंगडी विणली, चिंचोक्याची खळ लावून ताठ केली. आमच्यात नवरानवरी देवापुढं घोंगडीवरच बसतात. मला मात्र तिचा मेंढराचा वास खपेना. नवरदेवाच्या तोऱ्यात मी ती कढत पाण्यात, साबणात बुचकळली. घोंगडी आटून टॉवेलाएवढी झाली.

मामानं बोटांनी काठ चाचपला.

"काहून धुतली, भाचेबुवा?"

"वास येत होता, मामा."

"मेंढराला मेंढराचाच येणार की! राहू दे. लेकराच्या मापाची झाली बराबर."

मी खदाखदा हसलो. बाकी कुणीच हसलं नाही. मामाची बोटं अजून काठावरून फिरत होती. त्याच्याच्यानं आता दुसरी विणणं होणार नाही, हे त्या घरात फक्त मलाच माहीत नव्हतं.