गुरुवारची कादंबरी

मालनबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कादंबरी ऐकण्यात सगळ्या पंचवटीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुपारची जेवणं उरकली की फुलबाजारामागच्या बोळात, सुमनबाईंच्या ओट्यावर तिघी जमत. मालनबाई आणि सुमनबाई देवळापुढच्या दुकानांसाठी झेंडूचे हार ओवत, आणि सुवर्णा वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवी. तिच्या वाट्याचे हार या दोघी ओवून टाकत. सातवीपर्यंतचं शिक्षण आणि गोड आवाज, एवढ्यावर सुवर्णाची सुईतून सुटका झाली होती.

सध्याच्या कादंबरीत पुण्याच्या चार मैत्रिणी कॉफी पीत बसायच्या आणि प्रेमावर बोलायच्या. साक्षी नावाची एक त्यांच्यात मुख्य. मालनबाईंना या बायकांचा वैताग येई. "एवढं बोलत्यात, यांची कॉफी गार होत नाय का?" असं त्या रोज एकदा तरी विचारत. पण वाचन चुकलं की त्यांना दिवसभर करमत नसे.

मालनबाईंचा स्वभावच बाजू घेण्याचा. भांडण कोणाचंही असो, पदर यांचा खोचलेला. बारा वर्षांपूर्वी सुवर्णाचा नवरा बहिरू, देवळाली कॅम्पात फौजी लोकांचे कपडे शिवणारा शिंपी, दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला. सुवर्णा नुसती रडत बसली. मालनबाई मात्र बस पकडून कॅम्पात गेल्या, भर बाजारात त्याला असं फैलावर घेतलं की शेजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. येताना सुवर्णाच्या माहेरचं शिलाई मशीन रिक्षात घातलं आणि पंचवटीपर्यंत स्वतः त्याला कवटाळून बसल्या. त्याच मशीनवर ब्लाउज शिवून सुवर्णानं लेकीला, पल्लवीला, शिकवलं आणि तिचं लग्न करून दिलं. पुढे बहिरूचं आणि त्या बाईचं फाटलं, तो एकटाच राहतो, असं कानावर आलं, तेव्हा मालनबाई "बरं झालं" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या ओट्यावर त्याचं नाव निघालं नाही.

गेल्या काही दिवसांत कादंबरी अचानक रंगली होती. साक्षीला म्हणे नवऱ्यानं टाकलं होतं, आणि इतक्या वर्षांनी तो तिला भेटायला येऊ लागला होता. साक्षी चोरून जात होती. मालनबाई खवळल्या.

"बिनकण्याची हाय ही," त्या म्हणाल्या. "ज्यानं लाथाडलं त्याच्याच शेजारी जाऊन बसती. मी तिची मैत्रीण असते ना, तर तोंड पाह्यलं नसतं तिचं."

सुवर्णा जराशी थांबली, घसा सुकला म्हणाली आणि उठून पाणी प्यायली. पुढचे दोन दिवस मालनबाईंनी साक्षीला असंच झोडपलं, आणि दोन्ही दिवस सुवर्णाचा घसा सुकला.

मग शुक्रवार आला. मालनबाईंना घड्याळ लागत नसे. एक हार ओवून गाठ मारेपर्यंत सुवर्णा दोनदा पान उलटते, हे त्यांचं माप. त्या दुपारी त्यांनी तिसऱ्या हाराला गाठ मारली आणि सुई तशीच हातात राहिली. पान एकदाही उलटलं नव्हतं.

त्यांनी सुवर्णाकडे नीट पाहिलं. पुस्तक मांडीवर उघडं होतं, पण तिची नजर समोरच्या भिंतीवर होती.

"तो स्टँडवर भजी घेऊन येतो," सुवर्णा वाचत होती. "तिला तिखट सोसत नाही, म्हणून मिरचीची भजी आधी वेचून स्वतः खातो. मग पुडा तिच्यापुढे सरकवतो."

कॉफीवाल्या बायकांच्या पुस्तकात स्टँडवरची भजी कुठून आली? मालनबाईंना आठवलं. बहिरू घरात होता तेव्हा याच ओट्यावर बसून असंच करायचा, आणि त्या त्याला बाईलवेडा म्हणून चिडवायच्या. पुस्तक बदलायला म्हणून सुवर्णा दर गुरुवारी जाते, हेही त्यांना आठवलं. तीन गुरुवार झाले, पुस्तक तेच होतं.

आधी त्यांना बहिरूचा संताप आला. मग सुवर्णानं आपल्यापासून लपवलं याचा आला. आणि मग आपणच या ओट्यावर बसून जे जे बोललो, ते सगळं एकदम कानात घुमलं. जिच्यासाठी आपण जगाशी भांडलो, तीच आता आपल्याला भिते. मालनबाईंना फार वाईट वाटलं.

"मग आता घरात घेती का काय त्याला?" सुमनबाईंनी विचारलं. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"नाही," सुवर्णा पुस्तकात बघत म्हणाली. "त्याचं रांधणं-धुणं तिला पुन्हा नकोय. गुरुवारी तासभर तो शेजारी बसतो, तेवढंच हवंय. पण तिची एक मैत्रीण आहे. तिच्या जिवावर ती आज उभी आहे. तिला हे कसं सांगावं, ते कळत नाही. सांगितलं आणि ती तुटली, तर?"

तासभर शेजारी बसणं म्हणजे काय, ते मालनबाईंना माहीत होतं. त्यांचे यजमान सहादू भाजीबाजारात हमाली करायचे. संध्याकाळी दमून आले की न बोलता त्यांच्याजवळ बसायचे आणि झेंडूचे देठ खुडून द्यायचे. सहादूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. अजूनही देठ खुडताना मालनबाईंचा हात कधीकधी थांबायचा.

"त्या मैत्रिणीचं पुढं काय लिव्हलंय?" त्यांनी विचारलं.

"पुढचं... अजून वाचलं नाही मी."

"मग मी सांगते." मालनबाईंनी सुई दोऱ्यात खोचून बाजूला ठेवली. "ती बाई लय तोंडाळ हाय. वाटंल ते बोलली, चुकलंच तिचं. पण ती तुटायची नाय. ती म्हणती, स्टँडवर चोरावानी कशाला बसायचं? येत्या गुरुवारी त्याला हितं वट्यावर घेऊन ये. च्या मी करते. त्याच्याशी हसून बोलंन, असं मात्र त्यानं धरून चालू नये."

सुवर्णाच्या डोळ्यांतलं पाणी पानावर पडलं आणि ती ते पदरानं टिपत राहिली.

"उलट आता ते पान," मालनबाई म्हणाल्या. "वाचनालयाचं हाय, भिजवू नको."

सुवर्णानं पान उलटलं आणि वाचायला लागली. पुण्यात चौघी मैत्रिणी पुन्हा कॉफी मागवून बसल्या होत्या, आणि लग्न करावं की नाही, याचा साक्षी अजून विचारच करत होती.

सुमनबाई चक्रावल्या. "आगं, हिचं तर लगीनच व्हायचंय. मग ती भजीवाली कोण व्हती?"

"ती आपली हाय," मालनबाई म्हणाल्या, आणि सुवर्णाच्या वाट्याचा हार ओवायला घेतला.