चरबी मोजल्याशिवाय निकाल मानू नका

"तुमच्या रक्तातली पावडर हेडक्लार्कपेक्षा जास्त नाही," उस्मानाबादचे डॉक्टर मला म्हणाले, आणि शेजारी उभा असलेला आमच्या सोसायटीचा चेअरमन गालातल्या गालात हसला. ते हसू मी आजवर माफ केलेलं नाही.

मी मेहबूब. ईट गावाजवळच्या एका सहकारी सोसायटीच्या गोदामात कामाला होतो. दुष्काळात शेतातली मजुरी आटली, म्हणून दारं-खिडक्या लावून बियाण्याला बीएचसी, म्हणजे किडे मारायची पावडर, हातानं चोळायचं काम धरलं. आधी हात थरथरायला लागले. डॉक्टर त्याला ट्रेमर म्हणतात, म्हणजे कंप. मग एका दुपारी फिटचा झटका येऊन मी पोत्यांवर कोसळलो.

चेअरमननं रक्त तपासून घेतलं ते स्वतःची मान सोडवायला. पावडरीला कधी हात न लावणाऱ्या हेडक्लार्कचं रक्त माझ्यासोबत पाठवलं. निकाल सारखाच.

"मंग आजार पावडरीचा कसा, मेहबूब? तुज्या अंगातच काय तरी खोट हाय," तो म्हणाला.

माझ्या जागी माझी बायको जैतून गोदामात जायला लागली. घरात दुसरी कमाई नव्हती. ती खोकत घरी यायची आणि मी मनातल्या मनात चेअरमनला त्याच गोदामात कोंडून बाहेरून कडी लावायचो. तिला तिथून काढायचं तर पावडरीचा दोष सिद्ध करायलाच हवा होता.

हेडक्लार्क मात्र स्वतःच्याच निकालानं हादरला. "माज्या रक्तात पावडर आली कुठनं?" म्हणत तोच मला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर आम्ही ताटकळत बसलो. तो घाम पुसत होता, मी हात मांडीखाली दाबून.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "रक्त दिलं त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या दिवशी ऑफिसात सत्यनारायण होता. हेडक्लार्क तुपातला शिरा आणि पुऱ्या चापून सुई टोचून घ्यायला आला होता. माझा रोजा होता.

बाईंनी जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा, तुमच्यावर वेळ आली तर कामी येईल. "ही पावडर पाण्यात नाही, चरबीत विरघळते, आणि रक्तात चरबीबरोबरच फिरते. भरपेट जेवलेल्याच्या रक्तात चरबी जास्त, म्हणून पावडरही जास्त दिसते. उपाशी, वाळलेल्या माणसात ती कमी दिसते. म्हणून त्याच रक्तातलं सीरम लिपिड, म्हणजे चरबी, मोजायची आणि तिच्या मानानं पावडर किती ते बघायचं."

पुन्हा तपासणी झाली, या वेळी दोघंही उपाशीपोटी. चरबीच्या मानानं माझी पावडर क्लार्कच्या दुपटीहून जास्त निघाली. त्याच्या अंगात थोडी गेली होती ती गोदामाला लागून असलेल्या ऑफिसात बसून. मला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. आता चेअरमन हाती सापडला होता.

सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चेअरमन उसळला, "चरबीच्या गोष्टी मला सांगू नगंस! पावडरीनं कायबी व्हत न्हाय!"

मला हेच वाक्य हवं होतं. "व्हत न्हाय ना, साहेब? मंग उद्यापासनं बियाणं तुमच्या खोलीत चोळू. खुर्चीला लागून. दारं लावून."

"माजं अनुमोदन!" हेडक्लार्क ओरडला. सभासदांचे हात भराभर वर गेले. चेअरमनचा चेहरा उतरला. पेरणीच्या आत त्यानं बियाण्यात पावडर कालवायला झाकणाचा, दांड्यानं फिरवायचा ड्रम आणला, उघड्यावर बसवला, आणि हातानं चोळणं कायमचं बंद झालं. जैतूनला वजनकाट्यावरचं काम मिळालं. तिचा खोकला हळूहळू थांबला.

माझे झटके गोळ्यांनी आटोक्यात आहेत. कंप गेला नाही. डॉक्टरीणबाईंसाठी आणि, खरं सांगतो, त्या भित्र्या हेडक्लार्कसाठीही मी दुआ मागतो. चेअरमनसाठी नाही. लोक म्हणतात, झालं गेलं विसर. दर ईदला तो घरी येतो, हात पुढं करतो. मी माझा थरथरता हात त्याच्या हातात देतो, आणि त्याची नजर खाली जाईपर्यंत सोडत नाही.