सरपंचाचा कान

सरपंचाच्या कानात गोळी मी मारली. पोलिसांना कळवायची घाई नको, सरपंच म्हणजे सुंदराबाईचा बोकड. गावातल्या खऱ्या सरपंचाला या नावाचा राग आहे, पण सुंदराबाईला तोंडावर बोलायची त्याची हिंमत नाही.

सुंदराबाई माझी मोठीमाय, आईची थोरली बहीण. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात ती दरसाल बकरी ईदसाठी बोकड वाढवते, आणि तो अचलपूरच्या ताहेरभाईंनाच देते. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. कुर्बानीचा बोकड बिनखोट लागतो. बाजारात गिऱ्हाईक त्याचे दात पाहतं, कान ताणून उजेडात धरतं. कानाचा मोठा तुकडा गेलेला असला तर बोकड बाद. मोठीमायच्या बोकडाला मात्र ताहेरभाईंनी कधी बोट लावलं नाही. ते एवढंच विचारायचे, "क्या खिलाया बाई?" ती सांगायची, तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, शेवटी हरभऱ्याची चुरी. झाला सौदा. या न पाहण्याचा मोठीमायला भारी तोरा. "माह्या बोकडाचा कान आजवर कोनं धरला नाई," असं ती लग्नाच्या पंगतीतही ऐकवायची.

तर हा कान मी धरला.

दर्यापूरच्या बाजारात गजेंद्र नावाचा एजंट छत्री लावून बसायचा. मागे फ्लेक्स, त्यावर परदेशी बैल, ट्रॅक्टरएवढा. समोर भोंगा. "पेंडीत चमचा, कानात गोळी, महिन्यात जनावर डबल!" मी बारावी सायन्सला बसलेलो, त्यामुळे मला सगळं कळतंच. भुकटीचा पुडा घेतला. गोळी मारायचं पिस्तूल त्यानं एका दिवसासाठी वापरायला दिलं. मोठीमाय नात्यातल्या लग्नाला मूर्तिजापूरला गेली होती. म्हटलं, येईपर्यंत सरपंच फुगलेला दाखवू. गोळी कानाच्या मागे, कातडीखाली सरकवायची असते. माझी सुई आरपार गेली. दुसऱ्यांदा नीट बसली. सुई मी शर्टाला पुसली होती, स्वच्छतेची तेवढी काळजी घेतली.

मोठीमाय परत आली तेव्हा कान पापडासारखा टरारला होता. मग पू झाला, उन्हाळ्याच्या माश्या बसल्या, किडे पडले. टोक काळं पडलं. मी खरं सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. तिनं बोकडाला उचललं आणि मला म्हणाली, "चाल भैताडा, धर त्याचे पाय."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सडलेला भाग काढला. अर्धा कान गेला. वर म्हणाल्या, "या गोळीला आपल्याकडे परवानगीच नाही. आत काय होतं मला माहीत नाही. मांसात किती दिवस राहील, तेही सांगता येणार नाही."

"म्हंजे खाटकालेई देता येत नाई?"

"मी तर खाणार नाही, बाई."

मोठीमाय तिथून बोकडासकट थेट बाजारात. गजेंद्र गिऱ्हाईक पटवून राहिला होता. तिनं बोकड त्याच्या खुर्चीला बांधला.

"वळखलं का याले?"

गजेंद्रनं कान पाहिला, मला पाहिलं आणि हसला. "काकू, कान काहून पाहून राहिल्या? वजन पाहा ना! ईदले नाई चालत तं खाटकाले द्या. तो काटा पाहते, कान नाई पाहत."

"तू त्याच्या आंगात काय घातलं ते सांग."

"कंपनीचा माल हाये."

"कायचा?"

"ताकतीचा."

"कायची ताकत? नाव सांग ना बे!"

"मले काय मालूम काकू? मी डॉक्टर हावो काय?"

"तुले मालूम नाई? मालूम नाई आन भोंग्यावर इकून राहिला? लोकायनं खायाचं हाये ना ते! तुह्या लेकराच्या ताटात वाढशील काय?"

तिनं माइक ओढला. मोठीमायला माइकची गरज नाही, पण हक्कानं ओढला. "ऐका हो! या मानसाले मालूम नाई का गोळीत काय हाये! हा पाहा कान!" सगळा बाजार गोळा झाला. गजेंद्रनं वायर उपटली, पण तिचा आवाज वायरीवर चालत नव्हता. कोणीतरी फ्लेक्स फाडला. त्यानं छत्री मिटली आणि टेम्पोत बसून गेला.

लोकांनी मोठीमायचं कौतुक केलं. मला वाटलं, जिंकलो. कसलं काय! पुढच्याच आठवड्यात आमच्या गावच्या एकाला तो अकोल्याच्या बाजारात दिसला. नवा फ्लेक्स, तोच बैल. आम्ही तक्रार दिली. पंचायत समितीत म्हणाले दवाखान्यात जा, दवाखान्यात म्हणाले जिल्ह्याला जा. जिल्ह्याला साहेब दौऱ्यावर होते. ते अजून दौऱ्यावरच असावेत. माझ्या डोक्यात तो बैल अजून उभा आहे आणि त्याला पाहून माझे दात करकरतात, संतापानं.

ईद तोंडावर आली तेव्हा मी मोठीमायला म्हटलं, "फोन करून सांगून टाक ना."

"फोनवर? इतल्या सालाचा मानूस, त्याले फोनवर सांगू?"

काळीपिवळीतून आम्ही तिघं अचलपूरला गेलो. ताहेरभाई कापसात बसले होते. सवयीनं त्यांनी बोकडाकडे पाहिलंच नाही.

"आओ बाई. क्या खिलाया?"

"तुरीचं कुटार," ती म्हणाली. "बाभळीच्या शेंगा. हरभऱ्याची चुरी." मग माझा दंड धरला. "आन या पोट्ट्यानं देलेली एक भुकटी. आन कानात गोळी. कायची ते देनाऱ्यालेच मालूम नाई. हा बोकड तुमच्या कामाचा नाई, भाई. कोनाच्याच कामाचा नाई."

ताहेरभाई उठले. पहिल्यांदाच त्यांनी आमच्या बोकडाचा कान हातात धरला, उरलेला. मी पायाच्या अंगठ्यानं कापूस उकरत होतो.

"अब इत्ते दिन में मैं कहाँ से लाऊँ, बाई? तुम्हारे भरोसे कहीं गया नहीं."

"पुढच्या साली आनतो," मोठीमाय म्हणाली. "साफ आनतो."

"लाना," ते म्हणाले. "लेकिन अब देखना पडेगा मेरेको. घर में पूछेंगे सब. बुरा मत मानना."

मोठीमायनं मान हलवली. "पाहा," म्हणाली. "पाहाच तुमी." आणि पदर डोळ्यांना न लावता, रागानं कमरेला खोचला.

या गडबडीत सरपंचानं समोरच्या भाजीवाल्या बाईच्या टोपलीतली सांभाराची जुडी, म्हणजे कोथिंबीर, देठासकट संपवली. बाई ओरडली. माझ्याकडे सुटे नव्हते. म्हटलं, "येतो पुढच्या बाजारी, देतो." तिची टोपली ताहेरभाईंच्या दुकानासमोरच असते. त्यानंतर अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याला कितीदा जाऊन आलो, अचलपूरच्या त्या गल्लीत काही शिरलो नाही. जुडीचे पैसे राहिलेत.