मालूआत्याने नाकारलेली ऑर्डर

"मालूने कारखाना बुडवला."

हे वाक्य आमच्या घरात कित्येक वर्षं बोललं गेलं.

आज सकाळी ती मालूआत्या गेली. टिटवाळ्याला, स्वतःच्या घरी, झोपेत.

बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मेटलर्जी शिकलेली, म्हणजे धातूंचं शास्त्र. अख्ख्या वर्गात ती एकटीच मुलगी.

बाबांचा डोंबिवली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना होता. टाक्या, पाइप, असलं काम. एटीजमध्ये त्यांना अणुवीज प्रकल्पाचं काम मिळालं. बाहेरचे देश सामान द्यायला तयार नव्हते. सगळं इथेच बनवायचं होतं, त्यामुळे आमच्यासारख्या लहान कारखान्यांनाही हाताशी धरून शिकवलं जात होतं.

क्वालिटीचं सगळं आत्याने अंगावर घेतलं.

त्या कामासाठी वेगळी शेड बांधली. आत चप्पल बंद. स्टेनलेस स्टीलवर साध्या लोखंडाची धूळ बसली तरी आत्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत. प्रत्येक वेल्डचा एक्स-रे निघायचा. फिल्मवर काळा ठिपका दिसला की तो जोड कापायचा आणि पुन्हा करायचा.

जनार्दन आमचा सगळ्यात चांगला वेल्डर. खाडीकाठच्या कोळी घरातला. बाकी घर मासेमारीत, हा एकटाच या लाइनला आलेला. आत्याने त्याला अक्षरशः घासून तयार केलेलं. त्याची फिल्म उजेडात धरून ती नुसती मान हलवायची.

तिच्याकडून तेवढंच कौतुक मिळायचं.

मग नाइन्टीज आले. नवे प्रकल्प लांबत गेले. ऑर्डर थांबल्या.

मुंबईत प्रकल्पाच्या मोठ्या साहेबांनी पुरवठादारांची एक मीटिंग घेतली, तिथे आत्या उठून बोलली. हे बाबांनीच मला सांगितलेलं. तेव्हा अभिमानाने सांगायचे.

"साहेब, एकदम मोठी ऑर्डर नको. दर वर्षी थोडं थोडं काम द्या. मशीन झाकून ठेवता येतं, माणसाचा हात नाही ठेवता येत."

"मॅडम, बजेट माझ्या हातात नाही हो."

"मग काही वर्षांनी तुम्ही आम्हाला शोधत याल, तेव्हा आम्ही नसू."

सगळे हसले म्हणे. मग चहा आला.

बाबा दुधाच्या टाक्या बनवायला लागले. आत्याची शेड नुसती झाडून ठेवलेली. एक दिवस जनार्दन तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताय, मी दुबईला चाललू. नुसता बसून माजा हात जाईल."

"जा," आत्या म्हणाली. "डोळ्यांना जप."

आणि आत जाऊन तिने शेडचे दिवे बंद केले.

त्याच्यामागोमाग बाकीचेही एकेक करून गेले.

मी बारावीला होते तेव्हा पुन्हा अणुवीज प्रकल्पाची ऑर्डर आली. मोठी! बाबांनी पेढे वाटले.

पण आधी नमुन्याचे जोड पास व्हायला हवे होते. आत्या नव्या पोरांना घेऊन बसली. पोरं मेहनती होती, पण शिकलेली दुधाच्या टाक्यांवर. फिल्मवर ठिपकेच ठिपके. मुदत संपत आलेली.

एका रविवारी आत्या आमच्याकडे जेवायला होती. बाबा म्हणाले, "जनार्दनच्या जुन्या फिल्म पडल्यात ना? त्याच या जोडांच्या म्हणून लावून देऊ. एकदा काम हातात आलं की शिकतील पोरं."

आत्याचा हात ताटातच थांबला.

"दादा, हा पाइप कुठे बसणार आहे माहितेय ना तुला?"

"माहितेय. आणि ऑर्डर गेली तर शेड बंद होईल, हेपण माहितेय. ही सगळी पोरं घरी बसतील, मालू!"

"तिथेपण कोणाची तरी पोरं कामाला असणार."

आई म्हणाली, आधी जेवून घ्या.

कोणी जेवलं नाही.

सोमवारी आत्याने स्वतः फोन करून कळवलं की हे काम आम्हाला जमणार नाही. बाबांना नंतर सांगितलं.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

शेड बंद झाली. पुढे सगळा कारखानाच विकला. आता तिथे पुठ्ठ्याचे खोके बनतात.

आत्या टिटवाळ्याला राहायला गेली, कल्याणला एका टेक्निकल शाळेत शिकवायला लागली. दर भाऊबीजेला आई डबा घेऊन तिच्याकडे जायची.

बाबा कधीच गेले नाहीत.

गेल्या महिन्यात तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं. मी तिला बघायला निघाले तर बाबा शर्ट घालून दारात उभे. "थांब, मी येतो."

टिटवाळ्याला पोचल्यावर चपला काढून थेट आत गेले.

तिच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले, "मालू, तू बरोबर होतीस गं."



"बरोबर होते रे दादा. पण त्याचं काय करू मी? इतकी वर्षं घालून माणसं तयार केली आपण. त्यांना धरून ठेवायला हवं होतं."

"हो."

"ते राहिलंच आपल्याकडून."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. किती बारीक झालेला तो हात.

टीव्हीवर नव्या अणुवीज प्रकल्पांची बातमी लागलेली. आत्याने मला आवाज वाढवायला सांगितला. पूर्ण ऐकली.

"वेल्डर आहेत का, विचार त्यांना," म्हणाली.

आज दुपारी बाबांनीच अग्नी दिला.

आत्या, आम्ही फार उशिरा आलो गं.

नीट जा. आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.