खुब्याचं दुखणं

आमचा कुत्रा जिन्याच्या मधल्या पायरीवर पहिल्यांदा अडला, तेव्हा आबा हसले होते. "आळशी झालंय गाबडं," म्हणाले आणि वरून चुटक्या वाजवत राहिले. कुत्र्यानं पुढचे पाय वरच्या पायरीवर ठेवले, मागचं अंग उचलायला गेला आणि तसाच उभा राहिला. ना वर, ना खाली. शेवटी आबाच खाली उतरले आणि त्याला उचलून घेऊन आले.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. वडिलांना मी आबा म्हणायची, ते एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. आई घर बघायची आणि मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आबा शाहूवाडीकडं मुक्कामाची गाडी न्यायचे, तिथल्या स्टँडवर त्यांना हे पिल्लू सापडलं होतं. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं, साधं गावठी. पिशवीत घालून त्यांनी ते घरी आणलं आणि आईसमोर ठेवून म्हणाले, "ठेवायचं न्हाई म्हणालीस तर उद्या परत नेतो." ते कोणी परत नेलं नाही.

निवृत्तीनंतर दोघं रोज सकाळी रंकाळ्यावर जायचे. येताना आबा मटणाच्या दुकानातून त्याच्यासाठी काहीतरी बांधून आणायचे. कुत्रा जाडजूड झाला होता, आणि आबांना त्याचा अभिमान होता.

जिन्यावर अडण्याचं प्रमाण वाढलं तसं आम्ही त्याला रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बहुतेक म्हशी बघणारे, पण कुत्रीही तपासायचे. त्यांनी मागचा पाय धरून हळूच ताणला. कुत्रा ओरडला नाही. नुसती मान वळवून त्यानं डॉक्टरच्या हाताकडं बघितलं.

"खुब्याचे सांधे झिजल्यात," डॉक्टर म्हणाले. "संधिवात. माणसाला होतो तसाच."

"बरं होईल न्हवं?" आबांनी विचारलं.

"बरं न्हाई होत, दादा. दुखणं कमी ठेवता येतं. पयलं म्हंजे ह्याचं वजन उतरवा. आन् घरातली दुखण्याची गोळी चुकूनसुद्धा घालू नका, पोट फाटंल त्याचं. मी देतो तीच द्यायची, तीबी खाऊन झाल्यावर."

घरी आल्यावर आईनं सगळा कारभार हातात घेतला. घरातली फरशी गुळगुळीत होती, त्यावर त्याचे मागचे पाय फाकायचे. आईनं तांदळाची रिकामी पोती उसवून दारापासून त्याच्या जागेपर्यंत अंथरली. जुन्या गादीची घडी करून त्याला जाड अंथरूण केलं. तव्यावर मीठ गरम करून, फडक्यात बांधून, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग त्याच्या खुब्यावर ठेवायची. शेक बसला की तो डोळे मिटायचा. दूध बंद, गूळ बंद, हाडकं बंद. आबा जेवताना पाठ फिरवून बसायला लागले, कारण कुत्रा त्यांच्या ताटाकडं बघायचा आणि त्यांना ते सोसवायचं नाही.

गोळ्यांचा गुण आला. ती थंडी चांगली गेली. एके दिवशी मी ड्युटीवरून आले तर कुत्रा जिन्याच्या तोंडाशी उभा, आणि त्याच्यामागं आबा लहान मुलासारखे हसत होते. "आपला आपण चढला बघ! हात न्हाई लावला मी." आई आतून म्हणाली, "दृष्ट लावू नका." पण तीही बाहेर आलीच बघायला.

मला तेव्हाच माहीत होतं की हे टिकणारं नाही. वॉर्डात मी अशी सुधारणा खूप बघितली होती. पण घरात तिघांपैकी दोघं आनंदात असताना कोण बोलणार?

उन्हाळ्याच्या शेवटी त्याला उलट्या सुरू झाल्या. शी डांबरासारखी काळी व्हायला लागली. बघितल्याबरोबर मला कळलं, आत कुठंतरी रक्त जातंय. डॉक्टरनी गोळ्या बंद केल्या. पोटाचं औषध दिलं, दुसरी एक हलकी गोळी दिली. पोट सावरलं, पण दुखणं मोकळं सुटलं. आणि पाऊस लागला. कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की भिंतीसुद्धा घाम सोडतात. चुलीवर फडकी वाळवावीत, शेकावं, पुन्हा वाळवावीत, असं आईचं चालायचं. आता उठताना तो ओरडायचा. आधी बारीक, मग मोठ्यानं. खालच्या मजल्यावरची बाई एकदा वर आली आणि दारातूनच म्हणाली, "काय हाल चाललेत हो त्याचं. ऐकवत न्हाई." चांगल्या मनानंच म्हणाली. आईनं दार लावून घेतलं.

त्याला शू-शीला खाली न्यायचं म्हणजे पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचं अंग तोलून धरायचं. हे मी आबांना शिकवलं होतं, आणि ते फार जपून करायचे. एका सकाळी टॉवेल सरकला. आबांनी त्याला पडू नये म्हणून खुब्यावर धरलं आणि कुत्रा फिरून आबांच्या हाताला चावला. दात खोल गेले. लगेच त्यानं हात सोडला आणि तोंड जमिनीला लावून पडून राहिला. आबांनी नळाखाली हात धरला, मी साबणानं जखम धुतली, दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. रिक्षात आबा एवढंच म्हणाले, "माझ्यावर दात धरायचा न्हवता गं त्याला. दुखणं चावलं ते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. कुत्र्याजवळ बसले, पाय न ताणता नुसता हात फिरवला. मग म्हणाले, "आता माझ्याकडं एकच इंजेक्शन उरलंय. झोपंल, आन् उठायचा न्हाई. तुम्ही घरात ठरवा."

डॉक्टर गेल्यावर आबा म्हणाले, "बोलवूया. पुरं झालं."

"काय बोलवूया?" आई म्हणाली. "ह्या तोंडानं रोज शील म्हणतो आपण."

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढं वंदना व्हायची. जिवाची हत्या करणार नाही, हे त्यातलं पहिलंच शील. आईला ते तिच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि तिच्यासाठी ते नुसते शब्द नव्हते. घरातलं झुरळही ती कागदावर घेऊन बाहेर सोडायची.

"मारतंय कोण?" आबा म्हणाले. "सोडवायचंय त्याला."

"सोडवायचं म्हंजे मारायचंच की."

"आन् हे जे चाललंय, ते काय हाय? बघत बसायचं, हे पुण्य व्हय?"

आईनं माझ्याकडं बघितलं. आबांनीही बघितलं. मी नर्स, म्हणून माझ्याकडं उत्तर असेल असं दोघांना वाटलं असावं. मी म्हणाले, "मला न्हाई सांगता येत."

त्यानंतर घरात बोलणंच कमी झालं. आईनं आपलं अंथरूण कुत्र्याशेजारी हलवलं. त्याची कूस बदलायची, ओलं झालेलं काढायचं, खुब्याच्या हाडावर जखम झाली ती माझ्याकडून शिकून साफ करायची. आबा सकाळी छत्री घेऊन जे बाहेर पडायचे ते अंधार पडताना यायचे. कुठं जायचे, आम्ही विचारलं नाही. घरातला आवाज कानावर पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. एकाच जिवावर माया करणारी दोन माणसं त्याच जिवापायी एकमेकांना परकी झाली होती, आणि मी मधल्या खोलीत दोघांची ताटं वेगवेगळी वाढत होते.

विहारात एक भन्ते आल्याचं कळल्यावर आई त्यांना विचारायला गेली. परत आली तेव्हा पदर भिजलेला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, त्याचं दुःख संपावं म्हणून करताय, का तुम्हाला बघवत न्हाई म्हणून, ते आधी स्वतःला विचारा." ती खाली बसली. "माझ्यावरच सोडलं की त्यांनी. मला कसं कळावं? दोन्ही एकच झालंय आता."

पुढच्या आठवड्यात कुत्र्यानं खाणं सोडलं. आईनं बोटानं ताकातली भाकरी त्याच्या तोंडाला लावून बघितली, त्यानं जीभ बाहेर काढली नाही. मी दुपारी ड्युटीवरून आले तशी आई भिंतीकडं बघत म्हणाली, "डॉक्टरला बोलव. लगेच बोलव, न्हाईतर माझं मन फिरंल."

"आबांना येऊ दे की."

"बोलव म्हणते न्हवं."

कोपऱ्यावरच्या फोनवरून मी डॉक्टरना बोलावलं. आबा कुठं आहेत ते माहीत नव्हतं; पेठेतल्या दोन चहाच्या दुकानांत बघून आले, ते नव्हते. डॉक्टर आले. आईनं मांडी घातली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरनी आधी गुंगीचं दिलं. कित्येक दिवसांनी त्याचं अंग सैल पडलेलं मी बघितलं. तो आईकडं बघत होता. आई त्याच्या मोडक्या कानामागं खाजवत होती आणि म्हणत होती, "आता न्हाई दुखायचं. न्हाई दुखायचं, लेका." मग दुसरं इंजेक्शन.

आबा आले तेव्हा आई तशीच बसलेली होती. त्यांनी छत्री मिटली, बघितलं आणि दारातच उभे राहिले. इतके दिवस त्यांनीच मागितलं होतं ते. पण ते एवढंच म्हणाले, "मला यायचं हुतं की. माझ्यासाठी का न्हाई थांबलीस?"

आईनं त्याचं डोकं मांडीवरून हळूच खाली ठेवलं. आबांच्या एका जुन्या सोबत्याचं शेत शहराबाहेर होतं, तिथं कुत्र्याला पुरायला नेलं. चिखल इतका की खड्ड्यात पाणी झिरपत होतं. आबांच्या पट्टी बांधलेल्या हातातून कुदळ मी घेऊ बघितली, त्यांनी दिली नाही.

पुढं बरीच वर्षं आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. दोघं एकाच घरात राहिले, एकमेकांची दुखणीखुपणी काढली, पण त्या दुपारचं एकमेकांना माफ केलं असं मला कधी दिसलं नाही.

फक्त एकदा, त्याच वर्षी पाऊस उघडल्यावर, आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मी न्हाई दुखायचं म्हणत हुते ना, तेव्हा त्याला काय वाटलं असंल गं? मी बरं करतीया असं वाटलं असंल?"

वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना द्यायची उत्तरं मला पाठ होती.  मी तिच्यासमोर बसले, सुपातले थोडे तांदूळ माझ्याकडं ओढले आणि खडे काढायला लागले.